कासवाला कुंकू

“गुरुजी, बूट कुठे काढायचे?” शरयूताईंनी विचारलं, तेव्हा आम्ही एका ज्वालामुखीच्या पायथ्याशी उभे होतो.

“काढायचे नाहीत,” मी म्हणालो. “खाली लाव्हा आहे.”

“तो थंड होऊन किती वर्षं झाली?”

“ते मला माहीत नाही.”

“मग काढते,” असं म्हणून त्यांनी बूट काढले आणि एका दगडाशी नीट जोडून ठेवले. त्यांचं बघून बापू सावर्डेकरांनी काढले. पाच मिनिटांत तिथे चौदा जोड ओळीने लागले. कारण समोर, वाटेच्या मधोमध, कासव बसलं होतं.

मी सगळं सांगतो, म्हणजे हसण्याआधी तुम्हाला निदान कारण कळेल.

आमच्या लांज्याच्या ज्येष्ठ नागरिक संघातले आम्ही सोळा जण गालापागोसच्या बेटांवर प्राणी-पक्षी बघायला गेलो होतो. याला आता अकरा वर्षं झाली. दक्षिण अमेरिकेच्याही पश्चिमेला, भर समुद्रात ज्वालामुखींनी वर काढलेली ही बेटं. तिथले प्राणी माणसाला घाबरत नाहीत, म्हणून माणसालाच नियम लावलेत. प्राण्यापासून दोन मीटर दूर राहायचं. हात लावायचा नाही. बेटावर खायचं काही न्यायचं नाही आणि तिथलं काही आणायचं नाही. प्रत्येक बोटीवर परवाना असलेली एक वाटाडी व्यक्ती असते. आमची वाटाडी होती यादिरा, तिशीतली, सडपातळ, कायम घड्याळाकडे बघणारी. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, “तुमच्या लोकांना माझं इंग्रजी कळतंय का?”

“कळतंय,” मी म्हणालो, “पण वळत नाहीये. ते माझ्याकडे सोपवा.”

अडतीस वर्षं मी पहिली ते चौथीला शिकवलं. नियम वाचून दाखवला तर मुलं विसरतात, पाढ्यासारखा म्हणून घेतला तर झोपेतही म्हणतात. मी रात्रीच्या जेवणाआधी बसून ओळी जुळवल्या, ‘दोन मीटर दूर उभे, हात पाठीमागे, शंख, शिंपला, दगड, काटा, ठेवा जागच्या जागे.’ सकाळी किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी होडीत बसलो की सगळे, सरासरी वय अडुसष्ट, हे एका सुरात म्हणायचे. यादिराने ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं होतं. इतकी शिस्तीची मंडळी आपण सात वर्षांत पाहिली नाहीत, असं ती म्हणाली. “यांची जबाबदारी माझी,” असं मी तिला सांगितलं होतं. हे वाक्य पुढे मला फार जड गेलं.

त्या दिवशी महाशिवरात्र होती.

सगळ्यांचे उपास. स्वयंपाक्याने कसावाचे कंद उकडून दिले होते, साबुदाणा त्याचाच होतो हे कळल्यावर बायकांनी ते चालतं असा निर्णय दिला. पण सात समुद्रांपलीकडे महादेवाचं दर्शन कुठून होणार, म्हणून सगळ्या उदास होत्या. बेटावर उतरण्याआधी यादिरा पिशव्या तपासायची, मी तिला मदत करायचो. त्या दिवशी शरयूताईंच्या आणि आणखी दोघींच्या पिशवीतून हळदीकुंकवाचे करंडे निघाले. यादिराने ते आपल्या खणात ठेवून कुलूप लावलं. “कुंकवाला कुलूप,” शरयूताई म्हणाल्या आणि पुढे होडीत कुणाशी बोलल्या नाहीत. मला कुणी तपासलं नाही. तपासणाऱ्याला कोण तपासणार?

माझी बायको कुमुद त्या दिवशी बोटीवरच राहिली. तिचे गुडघे वाळूत चालण्याजोगे नव्हते. निघताना तिने माझ्या शर्टाच्या खिशात काहीतरी सरकवलं आणि वर बटण लावलं. “रुमाल आहे, घामाला,” ती म्हणाली.

उर्बिना नावाच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे. तिथून वाट एका विरळ रानातून जाते. त्या रानातल्या झाडांच्या सालीला उन्हात धुपासारखा वास येतो. यादिराने सांगितलं की ते लाकूड तिकडच्या चर्चमध्ये जाळतात. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. थोडं पुढे गेलो तर वळणावर एक पिवळी घोरपड वाटेत आडवी झोपलेली. नियम असा की तिला उठवायचं नाही, ती उठेपर्यंत माणसांनी थांबायचं. यादिरा तिच्यावर लक्ष ठेवून उभी राहिली आणि आम्हाला वीस पावलं मागे थांबवलं.

आणि तिथे ते कासव होतं.

साधं नव्हे. आपल्याकडच्या पाटा-वरवंट्याच्या पाट्याहून चार पट मोठं, काळं, घडीव. तोंड पूर्वेला. आणि त्याच्या तोंडासमोर, सरळ रेषेत, तो ज्वालामुखी. गोलसर, गुळगुळीत, माथ्यावर ढगाची धार. हवेत धुपाचा वास.

आपल्याकडे महादेवाच्या कुठल्याही देवळात गेलात तर गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव असतं. आधी त्याला नमस्कार, मग आत. चौदा माणसं सत्तर वर्षं हेच करत आली होती. त्यांच्या पायांनी बूट काढले, डोक्याला कुणी विचारलंच नाही.

“नंदी कुठे आहे?” कुणीतरी विचारलं.

“फिरायला गेला असेल,” बापू म्हणाले. “इथे सगळे सुटेच आहेत.”

बापू एसटीचे निवृत्त कंट्रोलर. माणसं जमली की रांग लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. “एका वेळी एक. हात जोडायचे, पुढे सरकायचं, मागच्याला जागा द्यायची. केतकरबाई, तुमचं झालं, सरका.”

“अहो, आत्ता तर डोळे मिटले.”

“गर्दी आहे. मनात म्हणा.”

मी काठीने वाळूत रेघ मारली, कासवापासून मोजून दोन मीटर. “या रेघेच्या आत कुणी येणार नाही. म्हणा, दोन मीटर दूर उभे…”

“हात पाठीमागे,” सगळे म्हणाले आणि हात जोडले.

मग त्यांनी प्रदक्षिणा सुरू केली. महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते, म्हणून रेघेबाहेरून कासवाच्या डाव्या अंगाने शेपटीपर्यंत जायचं आणि तिथून उलट फिरायचं. चौदा म्हातारी माणसं अनवाणी, लाव्हाच्या खड्यांवर ‘हाय हाय’ करत, अर्ध्या वर्तुळात पुढे-मागे फिरत होती. कासव गवत चावत होतं.

मी स्वतः देवळात जात नाही. कुमुद आत जाते, मी बाहेर चपला सांभाळतो. तेव्हाच्या एकेचाळीस वर्षांच्या संसारात ही वाटणी ठरून गेली होती. तेव्हाही मी बूट सांभाळत उभा होतो. मधूनमधून वळून यादिराकडे बघत होतो, ती येत तर नाही ना म्हणून. दोनदाच वळलो असेन. फळ्याकडे दोनदा वळलं तर वर्गात काय काय होऊ शकतं हे मला माहीत असायला हवं होतं.

घोरपड उठली. यादिराने हाक मारली. सगळ्यांनी घाईघाईने बूट चढवले आणि पुढे गेले. मी शेवटी राहिलो, कुणाचं काही मागे पडलं नाही ना हे बघायला. शाळा सुटली की वर्गातून शेवटचा बाहेर पडणारा मीच असायचो.

दुपारी चार वाजता तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची एक छोटी होडी आमच्या बोटीला येऊन लागली. तीतून रोलांदो नावाचा गार्ड चढला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, हातात फॉर्मची वही. त्याने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं आणि कॅमेऱ्यातला फोटो फिरवला.

कासवाच्या पाठीवर, अगदी पुढे, मानेच्या वर, पिवळं बोट ओढलेलं होतं. त्यावर लाल ठिपका.

रोलांदो स्पॅनिशमध्ये बोलला, यादिरा इंग्रजीत सांगत होती आणि मी मराठीत. त्याला आधी वाटलं, ही संशोधकांची खूण. त्याने संशोधन केंद्राला वायरलेसवर विचारलं, पिवळ्यावर लाल म्हणजे कुणाचा प्रकल्प? कुणाचाच नाही. मग त्याला वाटलं, कातडीचा रोग. पण रोग इतका मधोमध येत नाही. आणि सकाळपासून तिथे एकच बोट उतरली होती.

“म्हणजे आपली,” मी शेवटचं वाक्य सांगितलं.

“फोटो आणा इकडे,” शरयूताई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावून बारकाईने पाहिलं आणि शेजारणीला दिला. “हे आमचं कुंकू नव्हे. आमचे करंडे कुलपात आहेत.”

यादिराने खण उघडून करंडे आणले. तिन्ही जसेच्या तसे होते.

“आणि लावलंय बघा कसं,” शेजारीण म्हणाली. “हळद कुठे, कुंकू कुठे. बाईचा हात नाही हा.”

“मग आमच्याकडे का बघताय?” बापू म्हणाले.

“बघितलं तर काय झालं? मनात काही नसेल तर एवढं झोंबायचं कारण काय?” शरयूताईंनी विचारलं.

रोलांदोने टेबलावर बोट वाजवलं. आता तो जे बोलला ते यादिराने लगेच इंग्रजीत सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा ती टेबलाकडे बघत म्हणाली, “ज्याने केलं त्याचं नाव फॉर्मवर आलं तर चूक त्याची. नाव आलं नाही तर चूक वाटाड्याची. माझ्या परवान्याचं नूतनीकरण याच महिन्यात आहे. मी वीस पावलांवर उभी होते, गुरुजी. माझी पाठ होती. हे मला नाकारता येणार नाही.”

तीही मला गुरुजीच म्हणायला लागली होती.

मी हे मराठीत सांगितलं. पंखा फिरत होता. स्वयंपाकी दारात पळी घेऊन उभा होता. कुमुद कोपऱ्यात गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली होती.

“नाव सांगा कुणीतरी,” बापू म्हणाले.

“तुम्ही सांगा की.”

असं विचारून कधी नाव निघत नाही. वर्गात ‘कुणी केलं’ असं विचारलं तर अडतीस वर्षांत एकही हात वर आल्याचं मला आठवत नाही. त्यासाठी माझी एक पद्धत होती. सगळ्यांनी डोळे मिटायचे, ज्याने केलं त्याने हात वर करायचा. मी एकटा बघणार आणि नाव कुणालाही सांगणार नाही. त्या मुलाने मग गुपचूप माझ्याकडे यायचं आणि जे मोडलं ते दुरुस्त करायचं. फुटलेली कुंडी, सांडलेली शाई, तोडलेली पट्टी, सगळं या पद्धतीने निघालं होतं.

मी यादिराला ते समजावलं. तिने रोलांदोला समजावलं. तो म्हणाला, करून बघा.

मी उभा राहिलो. आवाज आपोआप वर्गातला लागला. “हाताची घडी. डोळे मिटा. बापू, एक डोळा उघडा आहे. मिटा. आता, कासवाच्या बाबतीत ज्याच्या हातून नियम मोडला असेल, त्याने हात वर करायचा.”

यादिरा हेच रोलांदोसाठी स्पॅनिशमध्ये बोलली आणि बोलता बोलता तिने स्वतःचेही डोळे मिटले.

पहिला हात शरयूताईंचा गेला. मला वाटलं, मिळाला चोर. मग बापूंचा. मग शेजारणीचा. मग त्यामागच्या बाकावरचे एकदम तीन. मी फळ्याकडे दोनदा वळलो होतो, आणि त्या दोन वेळांत कुणी पाठीला हात लावून कपाळाला लावला होता, कुणी रेघ ओलांडली होती, कुणी खिशातला उकडलेला कंद पुढे केला होता. बेटावर गेलेले चौदाच्या चौदा हात वर होते. मग यादिराचा हात वर गेला. कशासाठी ते मला आजही ठाऊक नाही. दारातल्या स्वयंपाक्याने पळीसकट हात वर केला. तो तर आठवडाभर बोटीवरून उतरला नव्हता, पण आयुष्य मोठं असतं.

आणि मग, डोळे घट्ट मिटून, फॉर्मची वही मांडीवर ठेवून, रोलांदोने हात वर केला. अगदी लहान मुलं करतात तसा, कोपर दुसऱ्या हाताने धरून.

मी नाव सांगणार नाही असं कबूल केलं होतं. तो आता निवृत्त झाला असेल, म्हणून लिहितो.

मी मोजले. सतरा हात. मग माझा हात वर केला.

“हात खाली,” मी म्हणालो. “डोळे उघडा.”

सगळ्यांनी डोळे उघडले आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर, आपण एकट्यानेच कबूल केलं, असा भाव होता. रोलांदोने पेन उघडलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. फॉर्मवर नावासाठी एकच ओळ होती.

“कोण?” यादिराने विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “लिहा. श्रीधर नारायण मुळ्ये. कुंकू मी लावलं.”

मग शरयूताईंनी पदर डोळ्यांना लावला.

“बघा,” बापू घोगऱ्या आवाजात म्हणाले. “याला म्हणतात शिक्षक. वर्गाचं पाप स्वतःच्या डोक्यावर.”

“अहो, डोक्यावर नाही. खरंच मी लावलं.”

“पुरे, गुरुजी.”

“सगळे पुढे गेल्यावर मी मागे राहिलो होतो. तेव्हा.”

“तुम्ही?” शरयूताई म्हणाल्या. “तुम्ही देवळाची पायरी चढत नाही. तुम्हाला कुंकू लावता तरी येतं का?”

“म्हणूनच वेडंवाकडं लागलं.”

यावर सगळे हसले, डोळे पुसत हसले. मी जितकं पटवायला जाऊ तितके ते गहिवरत होते. यादिराने रोलांदोला सांगितलं की गुरुजी सगळ्यांना वाचवण्यासाठी हे म्हणतायत. मी तिला म्हणालो, बाई, तुझा परवाना वाचायला हवा, हे नाव खरं आहे, हे लिहून घ्यायला सांग. तिने तेही सांगितलं, पण सांगताना तिचा आवाज भरून आला, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

रोलांदो उठला आणि त्याने माझा हात हातात घेतला. नुसता हलवला नाही, धरून ठेवला. बोटांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि परत बोटांकडे. मग बसून त्याने फॉर्मवर एक ओळ लिहिली, नावाच्या जागी आडवी रेघ मारली आणि वही मिटली.

“काय लिहिलं?” मी यादिराला विचारलं.

ती वाकून वाचायला लागली. “लिहिलंय, कासव चिखलात लोळून गेलं. पाठीवर कसलीही खूण दिसत नाही.”

“गेलं का?”

तिने त्याला विचारलं. “अजून नाही,” ती म्हणाली. “पण तो म्हणतो, कासव आहे, जाईलच.”

लांज्याला परतल्यावर संघाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि बापूंचं पंचवीस मिनिटांचं भाषण. मी उत्तरात पुन्हा खरं सांगितलं. टाळ्या पडल्या. यादिराचं पत्र आलं होतं, तिचा परवाना पुढे पाच वर्षांसाठी मिळाला होता, आणि दुसऱ्या बोटींवरच्या पाहुण्यांनाही ती आमचा पाढा शिकवत होती, अर्थ न कळता.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट संध्याकाळची आहे. खोलीत कुमुद पलंगावर बसून दिव्याची वात वळत होती. दिवा लावायला बोटीवर बंदी होती, वात वळायला नव्हती.

“पुडी द्या,” ती म्हणाली.

मी खिशाचं बटण काढून रुमाल दिला. तिने तो सोडून आतली कागदाची पुडी उलगडली, तिच्यात बघितलं आणि परत बांधली.

“रुमाल म्हणालीस तू,” मी म्हणालो.

“रुमालच दिला. आत काय आहे ते तुम्ही उघडून बघितलंत.” मग म्हणाली, “चिठ्ठी वाचलीत ना?”

“वाचली. ‘देऊळ दिसलं तर माझ्या नावाने लावा.’”

“मग? तिथे तर नुसता डोंगर आणि कासव होतं म्हणे.”

मी खिडकीबाहेर बघितलं. ज्वालामुखी तिथेच होता. माथ्यावरचा ढग आता गेला होता.

“दिसलं,” मी म्हणालो.

कुमुदने वात डबीत ठेवली. हसली नाही. एकेचाळीस वर्षं मी बाहेर चपला सांभाळल्या होत्या, त्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही.

“माझा हात खाली होता मघाशी,” ती म्हणाली. “मी कुठे बेटावर गेले होते? म्हणून मला वाटलं, मला डोळे मिटायची गरज नाही.”

“म्हणजे तू बघत होतीस?”

“सगळं. तो गार्डसुद्धा.” तिने माझा उजवा हात ओढून खोलीतल्या बल्बच्या उजेडात धरला. “आणि त्याने फॉर्मवर चिखल का लिहिला तेही मला कळलं. पुन्हा कधी हात वर करायचा झाला, तर आधी नखं घासून घ्या. हळद त्या कोपऱ्यापर्यंत दिसत होती.”